भिंतीवरची गोष्ट आणि नियमावलीतला पाळणा

रोममध्ये सेंट पीटर्स चर्चच्या जवळ, टायबर नदीच्या काठी, सांतो स्पिरितो इन सास्सिया नावाचं जुनं रुग्णालय आहे. यात्रेकरू, गरीब आजारी आणि टाकून दिलेली मुलं यांच्यासाठी चर्चने चालवलेल्या मध्ययुगीन संस्थांमध्ये त्याचं नाव फार वरचं. त्याच्या स्थापनेची एक गोष्ट तुम्हाला बहुतेक सगळीकडे वाचायला मिळेल. टायबरमध्ये कोळ्यांनी जाळी टाकली, तर माशांऐवजी मेलेली तान्ही बाळं वर आली. आयांनीच ती नदीत फेकली होती. हे पाहून पोप इन्नोसंट तिसरा हेलावला आणि त्याने रुग्णालय उभारलं.

गोष्ट काळजाला हात घालते. पण संशोधन करू पाहणाऱ्या माणसाने अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो हा : हे कोण सांगतंय, आणि केव्हा?

या गोष्टीचं सर्वांत प्रसिद्ध रूप रुग्णालयाच्या भिंतींवरच रंगवलेलं आहे. सुमारे १२० मीटर लांबीच्या मुख्य दालनात वरच्या बाजूला भित्तिचित्रांची रांग आहे. मुलं फेकणाऱ्या आया, जाळी घेऊन पोपसमोर आलेले कोळी, सगळं तिथे दिसतं. पण ही चित्रं इन्नोसंटच्या काळातली नाहीत. इन्नोसंट पोप होता ११९८ ते १२१६ या काळात. चित्रं काढवून घेतली ती सिक्स्टस चौथा याने, म्हणजे १४७० च्या दशकात. मध्ये पावणेतीनशे वर्षं गेली!

आता चित्रांचा क्रम बघा. सुरुवात इन्नोसंटच्या कथेने होते, पण रांगेतला मोठा भाग सिक्स्टसच्या स्वतःच्या चरित्राचा आहे. त्यात तो मोडकळीला आलेल्या रुग्णालयाची पाहणी करतानाही दिसतो. १४७५ च्या जयंती वर्षासाठी रोममध्ये यात्रेकरूंची रीघ लागणार होती आणि सिक्स्टसने शहरात बांधकामांचा धडाका लावला होता. त्यातलंच हे एक. म्हणजे ही चित्रं सांगतात ते असं : पूर्वी एक थोर पोप होऊन गेला, आणि आता दुसरा तुमच्यासमोर आहे. आपल्याकडे बखर वाचताना आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच इथे लागते. बखर खोटी म्हणून फेकून द्यायची नसते. ती ज्या काळात लिहिली गेली त्या काळाची साक्ष म्हणून वाचायची असते. ही चित्रं सिक्स्टसच्या राजकारणासाठी अव्वल साधन आहेत. ११९८ च्या टायबरसाठी नाहीत.

मग समकालीन साधनं काय म्हणतात? इन्नोसंटच्या हयातीतच लिहिलेलं त्याचं एक लॅटिन चरित्र आहे. त्यात या रुग्णालयाचं कौतुक आहे, पण जाळ्यातल्या बाळांचा प्रसंग नाही. शिवाय जागा काही रिकामी नव्हती. इथे आठव्या शतकापासून इंग्लंडहून येणाऱ्या सॅक्सन यात्रेकरूंची वसाहत होती. ‘सास्सिया’ हे नाव त्यावरूनच आलं. १२०४ मध्ये इन्नोसंटने इथलं रुग्णालय आणि मोंपेलिएच्या गी याने स्थापन केलेला सेवासंघ एकत्र जोडले. इंग्लंडचा राजा जॉन याने एसेक्समधल्या रिटल गावचं चर्च या रुग्णालयाला देऊन टाकलं, म्हणजे तिथलं उत्पन्न रोमला येऊ लागलं. जुनी धर्मशाळा, संघटना चालवणारा माणूस, दूरदेशीचं उत्पन्न. संस्था अशी उभी राहते. ‘पोपला दया आली आणि रुग्णालय झालं’ या वाक्यात यातलं काहीच मावत नाही.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ही गोष्ट जशीच्या तशी उचलली की आपण नकळत एक आरोपही उचलतो. रोमच्या गरीब बायका मुलं मारत होत्या, हे गृहीत धरूनच कथा पुढे सरकते. बालहत्या होत नव्हत्या असं मी म्हणत नाही. पण पुरावा न तपासता शेकडो अनाम स्त्रियांना आरोपी करणं ही लहान गोष्ट नाही. त्यांच्या बाजूने बोलणारं एकही चित्र त्या भिंतीवर नाही.

आता याच संस्थेची नियमावली उघडा. मजकूर तेराव्या शतकातला आहे आणि त्याची सुंदर सचित्र प्रत चौदाव्या शतकातली. त्यात सांगितलंय की आठवड्यातून एक दिवस रस्त्यांवर आणि चौकांत गरीब आजाऱ्यांना शोधायला जावं आणि त्यांना घेऊन यावं. टाकलेली मुलं सांभाळावीत, गरीब गरोदर स्त्रियांना आसरा द्यावा. आणि एक बारीकसा नियम : यात्रेकरू स्त्रियांना इथे झालेल्या बाळांसाठी छोटे पाळणे करावेत, म्हणजे ती वेगळी निजतील आणि त्यांना काही इजा होणार नाही.

हा पाळणा मला अख्ख्या चित्रमालिकेपेक्षा मोलाचा वाटतो. भिंतीवरची आई मुलाला फेकते. नियमावलीतली आई परक्या शहरात बाळंत झालेली, दमलेली आहे. झोपेत तिचं अंग बाळावर पडेल अशी भीती कुणाला तरी वाटली आहे. बाळं दगावतात याची चिंता दोन्हीकडे आहे. एकीकडे त्यातून आरोप निघतो, दुसरीकडे सुताराला काम निघतं.

पण इथेही घाई नको. नियम म्हणजे ‘असं व्हावं’, ‘असं झालं’ नव्हे. पाळणे खरंच किती केले, किती बाळं वाचली, हे नियमावली सांगू शकत नाही. आकडे मिळाले तरी ते कुणाचे आहेत ते बघा. १२०८ मध्ये इन्नोसंटने या रुग्णालयापर्यंत एक वार्षिक मिरवणूक सुरू केली. त्या दिवशी बाहेरून आलेल्या १,००० आणि आतल्या ३०० गरिबांना प्रत्येकी ३ दिनार द्यायचे ठरले : एक भाकरीसाठी, एक वाइनसाठी, एक मांसासाठी. हिशेब चोख आहे. पण तो देणाऱ्याचा आहे. घेणारे तिथे फक्त संख्या म्हणून उभे आहेत.

तुम्ही कुठल्याही धर्मादाय संस्थेवर काम करायला घ्याल, मग ते रुग्णालय असो, अन्नछत्र असो की अनाथाश्रम, ही अडचण येणारच. कागद देणाऱ्यांनी ठेवलेले असतात. म्हणून स्थापनेची कथा, नियम आणि हिशेब हे तीन वेगवेगळ्या फायलींत ठेवा आणि एकाच्या तोंडी दुसऱ्याचं म्हणणं घालू नका. आणि मार्गदर्शकांना प्रस्ताव दाखवण्याआधी एकदा तपासा : तुमच्या पहिल्या परिच्छेदात ज्यांच्यावर दोष ठेवला आहे, त्यांच्याविरुद्ध तुमच्याकडे पुरावा आहे का?