संमती कुठल्या रकान्यात लिहायची?

मागच्या महिन्यात वसतिगृहातल्या एका ज्युनिअरनं मला विचारलं, "ताई, फोटो मीच पाठवला होता त्याला. आता त्यानं तो ग्रुपवर टाकलाय. तक्रार केली तर माझ्यावरच उलटेल का?" (तिला विचारूनच हे लिहितेय.) मी विज्ञानाची, वकील नाही. पण व्याख्या काळजीपूर्वक वाचणं हे आपलंच काम, म्हणून त्या रात्री कलमं काढून बसले.

संशोधन पद्धतीच्या पेपरात तुम्ही 'प्रॉक्सी' शिकला असाल. हवी ती गोष्ट थेट मोजता येत नसेल, तर तिच्या जवळचं काहीतरी आपण मोजतो. प्रॉक्सी चुकली, की पुढचं गणित कितीही अचूक असलं तरी निष्कर्ष फसतो. माझा आक्षेप असा, की आपल्या कायद्यात नेमकं हेच झालंय. इजा होते ती संमती मोडल्यामुळे, आणि कायदा बऱ्याचदा मोजतो ती अश्लीलता.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दोन कलमं शेजारी ठेवून बघा. दोन्ही २००८ च्या दुरुस्तीतून आली. कलम ६६-ई : संमतीशिवाय खासगी अवयवांचं चित्र टिपणं किंवा पसरवणं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ६७-ए : उघड लैंगिक कृती असलेला मजकूर प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं. पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. पहिल्यात संमती हा शब्द आहे, दुसऱ्यात नाही. आणि जास्त शिक्षा दुसऱ्यात!

कोणी म्हणेल, ६७-ए कडक आहे, जामीनपात्र नाही, मग पीडितेचा फायदाच ना? शिक्षा कडक हवी, हे मलाही मान्य. पण तिचं कारण चुकीचं असलं, की दोन्ही बाजूंनी चूक होते. संमती विचारलीच जात नाही, त्यामुळे स्वतःचा व्हिडिओ विश्वासानं जोडीदाराला पाठवणारी व्यक्तीही कलमाच्या शब्दांत बसू शकते. हा झाला फॉल्स पॉझिटिव्ह. ज्युनिअरची भीती उगाच नव्हती.

फॉल्स निगेटिव्ह ६६-ई मध्ये सापडतो. त्यातलं 'खासगीपणाचा भंग' याचं स्पष्टीकरण बहुतांशी फोटो टिपण्याच्या क्षणाभोवती फिरतं. राजीखुशीनं काढलेला फोटो नंतर दगा देऊन पसरवला, तर वकिलाला वाद घालायला जागा मिळते. डीपफेकमध्ये तर त्या व्यक्तीचं शरीरच नसतं, मग 'तिचं चित्र' कुठलं?

योग्य व्हेरिएबल कायद्याला सापडलेलं नाही असं मात्र नाही. २०१३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३५४-सी आलं, आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ७७ आहे. त्याचं दुसरं स्पष्टीकरण सांगतं, की काढायला संमती होती पण इतरांना दाखवायला नव्हती, तर पसरवणं गुन्हाच. म्हणजे एका कृतीची संमती दुसऱ्या कृतीला लागू होत नाही. इतकी स्वच्छ व्याख्या, पण ती मुख्य कलमात नाही, स्पष्टीकरणात आहे, आणि फक्त स्त्रियांसाठी. हाच प्रश्न एखाद्या मुलानं विचारला असता, तर मला पुन्हा ६६-ई कडेच वळावं लागलं असतं.

२०१८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या तमलूकच्या न्यायालयानं अशा एका खटल्यात ५ वर्षांची शिक्षा दिली. तिथेही दोन कायद्यांतली बरीच कलमं एकत्र बांधावी लागली. एका मोजमापासाठी इतकी उपकरणं लागत असतील, तर मूळ उपकरणावर शंका घ्यायलाच हवी.

त्या मानानं २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम मला बरे वाटतात. चित्र ज्याचं, त्यानं किंवा त्याच्या वतीनं कोणी तक्रार केली, की कंपनीनं ते २४ तासांत हटवायचं, अशी तरतूद त्यात झाली, आणि कृत्रिमरीत्या बदललेली चित्रंही त्यात धरली. तिथं तक्रारदाराचा शब्द मध्यभागी आहे.

ज्युनिअरला मी कलम ७७ चं ते स्पष्टीकरण वाचून दाखवलं. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख जपून ठेव, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कर, आणि पोलीस ठाण्यात जाताना मला हाक मार, असं सांगितलं. ती दोनदा वाचून म्हणाली, "म्हणजे पाठवणं ही माझी चूक नाही."

तुमच्यासाठी गृहपाठ : ही कलमं स्वतः वाचा आणि तक्ता करा. कृती, शिक्षा, आणि तिसरा रकाना संमतीचा. तो रकाना कुठे कुठे रिकामा राहतो, तिथे तुमचा संशोधन प्रश्न आहे.