हठप्रदीपिकेचा पाचवा उपदेश

स्वात्मारामाची ‘हठप्रदीपिका’ पंधराव्या शतकातली. तिच्या बहुतेक पोथ्यांत चारच उपदेश आहेत: आसन, प्राणायाम, मुद्रा आणि शेवटी नादानुसंधानातून समाधी. लोणावळ्याच्या कैवल्यधामने १९७० साली काढलेल्या, स्वामी दिगंबरजी आणि रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादिलेल्या आवृत्तीत मात्र चौथ्यानंतर पाचवा उपदेश येतो. तो मोजक्याच पोथ्यांत सापडतो. विषय काय, तर चुकीच्या साधनेने वायू वाट सोडून गेला की होणारे रोग आणि त्यांवरचे उपाय.

मला हा सांधा खटकतो. चौथ्याच्या अखेरीस योग्याला काळही शिवू शकत नाही, आणि पान उलटताच वात-पित्त-कफ! ग्रंथ जिथे पोचायचा तिथे पोचलेला असताना त्याला पुन्हा दवाखान्यात आणून बसवल्यासारखे वाटते.

पण हा मजकूर आकाशातून पडलेला नाही. दुसऱ्या उपदेशातच स्वात्माराम बजावतो की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करावे लागतात तसाच वायूही. घाई केली तर उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळ्यांच्या वेदना मागे लागतात. मग असे झालेच तर करायचे काय? ते तिथे नीटसे सांगितलेले नाही. कुणा साधकाला ती उणीव जाणवली असणार, असा माझा कयास. पाचवा उपदेश मला आवडतो तो एवढ्यासाठी, की त्यात पोथी वापरणाऱ्या माणसाचा हात दिसतो.

तो कैवल्यधामला जवळचा वाटला यात नवल नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये संस्था काढली तीच योग प्रयोगशाळेत तपासायला. उड्डियान-नौलीच्या वेळी पोटातला दाब मोजणाऱ्यांना रोगोपचाराचा अध्याय मोलाचा वाटणारच. मात्र संपादकाने आपल्या आवडीपासून थोडे सावध राहावे लागते. घाट न उतरता, जवळच पुण्यात, भांडारकर संस्थेच्या महाभारतात व्यासांचा लेखनिक झालेला गणपतीसुद्धा मूळ संहितेबाहेर, परिशिष्टात गेला! तो वाचायला मिळतो, पण व्यासांच्या नावावर खपत नाही. इथे पाचवा उपदेश सलग आल्याने योगोपचाराचा पुरस्कर्ता त्याचे श्लोक ‘स्वात्माराम सांगतो’ म्हणून बिनदिक्कत देऊ शकतो. पुढे लोणावळ्यातूनच, दुसऱ्या एका संस्थेकडून, दहा अध्यायांची हठप्रदीपिकाही छापून आली. म्हणजे स्वात्मारामाची जबाबदारी वाढतेच आहे.

पाचवा उपदेश छापायलाच हवा होता, फक्त परिशिष्टात.