दाऊदचाचाची मराठी

नारायण सुर्वे यांची ‘शीगवाला’ ही कविता इचलकरंजीतल्या प्रत्येक शाळेत, नववी-दहावीच्या वर्गात एकदा तरी मोठ्यानं वाचली जावी, असं मला मनापासून वाटतं. कविता मुंबईच्या चाळीतली आहे, पण तिच्यातला खाटीक दाऊदचाचा जे बोलतो ते आपल्या गावात रोज कानावर पडतं.

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग सुरू केला आणि मागापाठोपाठ माणसं येत गेली. सीमाभागातली कन्नड बोलणारी आली, राजस्थानातून व्यापारी आले, पुढं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून कामगार आले. त्यांची पोरं आज एका बाकावर बसतात. एकाचा बाप जॉबर, दुसरीची आई कांड्या भरणारी, तिसऱ्याच्या घरी सुताची पेढी. मधल्या सुट्टीत ही पोरं हिंदी क्रियापदाला मराठी प्रत्यय लावून बिनदिक्कत भांडतात. तास सुरू झाला की मात्र गप्प होतात, कारण वर्गात तोंड उघडलं की भाषा दुरुस्त केली जाते.

‘शीगवाला’ याच दुरुस्त न केलेल्या भाषेत लिहिलेली आहे. पोरगा काहीतरी लिहीत बसलाय. दाऊदचाचा खोलीत शिरतो, गोंड्याची तुर्की टोपी काढतो, घाम पुसतो, खाली टेकतो. काय लिहितोस, असं विचारतो. पोरगा उत्तर देताना ‘अक्षरं’ म्हणत नाही, चाचाच्या तोंडचा ‘हर्फ’ वापरतो. वडीलधाऱ्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलावं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. चाळीत राहून ते आलेलं आहे.

मग चाचा त्याला बजावतो, की शब्द लिहिणं सोपं असतं, शब्दाखातर जगणं अवघड. आणि लगेच आपला पाय दाखवतो. सुर्व्यांची रचना इथं फार बारकाईनं पाहण्यासारखी आहे. जखम आधी दिसते, हकिकत मागून येते. साक्षीला चाचा पोराच्या आईला, काशीबाईला, उभं करतो. रस्त्यावर सापडलेल्या सुर्व्यांना वाढवणाऱ्या माउलीचं नावही काशीबाईच होतं, हे ठाऊक असलं की कविता आणखी जवळ येते.

हकिकत थोडक्यात अशी. गांधींचं स्वराज्य आलं, चाळीनं आनंद केला. नंतर एके दिवशी चाचा दुकानावर बसलेला असताना जमावानं काशीबाईला घेरलं. जमाव चाचाच्याच धर्माचा. चाचा आडवा गेला, तर त्यालाच हिंदू ठरवून हसले. मारहाणीत पाय गेला. एवढा मोठा प्रसंग चाचा चार वाक्यांत उरकतो आणि लगेच काशीबाईकडं वळून, खरं की नाही, असं विचारतो. आपल्या शौर्याचा एक शब्द नाही. शेवटी तो माणसाचा आणि बकऱ्याचा भाव सांगतो. खाटकाचं दुःख खाटकाच्या हिशेबात मांडलेलं आहे. सुर्व्यांनी त्याच्या तोंडी एकही उसना विचार घातलेला नाही.

गिरणीत राबलेले आणि मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई, मग शिक्षक झालेले सुर्वे ही भाषा ऐकून लिहीत होते. म्हणूनच चाचाचं वाक्य कुठंही विनोदी होत नाही. मराठी नाटक-सिनेमात मुसलमान पात्राची मोडकी मराठी हमखास हशा मिळवते. इथं तीच भाषा ऐकताना वर्ग गंभीर होतो.

परीक्षेच्या रसग्रहणात मुलं आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं अशा पायऱ्या लावून पाठ केलेलं उतरवतात. या कवितेला ते केलं, की हाती ‘राष्ट्रीय एकात्मता’ एवढाच कोरडा शब्द उरतो. खरं तर वर्गात विचारायचे प्रश्न वेगळेच आहेत. जमावाला चाचा हिंदू का वाटला? काशीबाई कवितेत आहे, मग ती बोलत का नाही? घडलेलं सांगायला चाचाला लिहिणारा पोरगाच का हवा होता? यावर बारा घरची पोरं बारा उत्तरं देतील आणि ती सगळी फळ्यावर लिहावीत.

२०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्तीनं विषय वेळापत्रकात येतो. मुलांना तो आपला वाटायचा असेल, तर त्यांची स्वतःची बोली त्यात कुठंतरी भेटायला हवी. ‘शीगवाला’त ती भेटते.

इचलकरंजीच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. ही कविता शिकवाल तेव्हा पहिलं वाचन स्वतः करू नका. ज्याच्या घरी अशी भाषा बोलतात त्या मुलाला किंवा मुलीला उभं करा, आणि वाचून होईपर्यंत एकही उच्चार दुरुस्त करू नका.