आरंभीच्या अमेरिकन साहित्यातील व चित्रकलेतील अरण्य : राष्ट्रीय अस्मितेचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

राजकीय स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही अमेरिकेला सांस्कृतिक स्वातंत्र्य लगेच लाभले नाही. युरोपजवळ प्राचीन राजवाडे, मठ, भग्नावशेष आणि त्यांच्याशी जडलेल्या आख्यायिका होत्या. नव्या राष्ट्राजवळ असे काही नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लेखकांनी व चित्रकारांनी इतिहासाच्या जागी निसर्ग उभा केला. हे मत सर्वमान्य आहे व ते खरेही आहे. परंतु हा निसर्ग जसा होता तसा स्वीकारला गेला, की तो घडविला गेला, हा प्रश्न त्यामुळे बाजूला पडतो. जेम्स फेनिमोर कूपर (१७८९–१८५१) आणि टॉमस कोल (१८०१–१८४८) यांच्या कृती एकत्र ठेवून पाहिल्यास या प्रश्नाचा उलगडा होऊ शकतो.

कूपर : अरण्याचा शोक

'द पायोनिअर्स' (१८२३) या कादंबरीतील टेम्पलटन हे गाव न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउनवरून बेतलेले आहे. ते गाव कूपरच्या वडिलांनीच वसविले होते. म्हणजेच ज्या वसाहतीमुळे अरण्य मागे हटले, तिचाच वारस त्या अरण्यासाठी शोक करीत होता. रानकबुतरांच्या थव्यांवर गावकरी बंदुकांबरोबर छोटी तोफही डागतात आणि वृद्ध शिकारी नॅटी बम्पो या नासाडीचा धिक्कार करतो, हा कादंबरीतील प्रसिद्ध प्रसंग होय. या जातीचा शेवटचा पक्षी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला, हे लक्षात घेता त्या प्रसंगाचे गांभीर्य अधिकच जाणवते. तथापि अखेरीस नॅटी पश्चिमेकडे निघून जातो, तेव्हा निवेदक त्यालाच राष्ट्राच्या आगेकूचीची वाट मोकळी करणाऱ्यांचा अग्रणी ठरवितो. धिक्कार करणाराच अशा रीतीने वाटाड्या बनतो.

'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१८२६) या कादंबरीचे शीर्षकच एका समाजाची समाप्ती जाहीर करते. वस्तुतः मोहिकन लोक नष्ट झाले नव्हते. मॅसॅच्युसेट्समधील स्टॉकब्रिज सोडून त्यांना प्रथम न्यूयॉर्क राज्यात आणि १८२० च्या दशकापासून विस्कॉन्सिनकडे जावे लागले. स्टॉकब्रिज-मन्सी या नावाने त्यांचा समाज तेथे आजही नांदत आहे. कादंबरीनंतर चारच वर्षांनी, १८३० मध्ये, मूलनिवासींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलविण्याचा कायदा संमत झाला. कादंबरीमुळे कायदा झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु जे लोक आपोआप लयाला जात आहेत असे वाचकाला वाटते, त्यांच्या हकालपट्टीचा सल त्याला फारसा टोचत नाही, हेही तितकेच खरे आहे.

कोल : अरण्याची रचना

इंग्लंडमध्ये जन्मलेला कोल १८१८ मध्ये अमेरिकेत आला. १८२५ मध्ये त्याने हडसन नदीकाठी प्रवास करून काढलेल्या निसर्गचित्रांनी त्याला कीर्ती मिळवून दिली. त्याच वर्षी ईरी कालवा पूर्ण होऊन हडसन हा व्यापाराचा राजमार्ग बनला. कॅट्सकिल डोंगरात तर १८२४ पासूनच पर्यटकांसाठी मोठे हॉटेल चालू होते. तरीही 'फॉल्स ऑफ द काटरस्किल' (१८२६) या चित्रात कोलने धबधब्याजवळील पर्यटकांच्या सोयी गाळल्या आणि त्यांऐवजी खडकावर एक इवलासा मूलनिवासी उभा केला. दर्शकाला जे आदिम अरण्य वाटते, ते असे निवडीतून घडलेले आहे.

'द ऑक्सबो' (१८३६) या चित्रात हा विचार अधिक प्रगल्भ होतो. डावीकडे वादळाने झोडपलेले रान, उजवीकडे कनेटिकट नदीच्या वळणालगतची उन्हातील शेते आणि दोहोंच्या सीमेवर, पुढील बाजूस, चित्र रंगविणारा छोटासा कोल स्वतः. येथे मात्र मूलनिवासी कोठेच नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन निसर्गदृश्यांवरील निबंधात कोलने अरण्याला देशाचे वैशिष्ट्य मानले, त्यावर पडणाऱ्या कुऱ्हाडीबद्दल खेद व्यक्त केला आणि भविष्यातील नगरांची कल्पनाही रंगविली. पुढे 'रिव्हर इन द कॅट्सकिल्स' (१८४३) या चित्रात त्याच परिसरातून आगगाडी जाताना दिसते. कादंबरी व चित्र यांतील द्वंद्व असे एकच आहे : जे वंदनीय मानले जाते, त्याच्याच विनाशावर राष्ट्राचा उत्कर्ष अवलंबून असतो.

निष्कर्ष

या विवेचनावरून असे दिसते की, आरंभीच्या अमेरिकन राष्ट्रीय अस्मितेचा आधार केवळ निसर्गप्रेम नव्हता. निसर्ग गमावल्याचे दुःखही तिच्या मुळाशी होते. या दुःखाने वृक्ष व पक्षी यांची आठवण जपली, पण भूमीच्या मूळ रहिवाशांना हयातीतच भूतकाळात ढकलले. म्हणून कूपर व कोल यांना केवळ निसर्गपूजक ठरविणे जसे अपुरे आहे, तसेच त्यांना विस्तारवादाचे भाट म्हणून निकालात काढणेही अन्यायाचे आहे. आपल्या कृतींतील विसंगती त्यांनी पूर्णपणे झाकली नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. या साहित्याच्या अध्यापनात कादंबरीशेजारी चित्र ठेवले आणि चित्रात काय आहे याबरोबरच काय वगळले आहे हेही विचारले, तर ही विसंगती विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.