'किंवा' या शब्दाची जात

शासकीय योजनांची परिपत्रके आपण समीक्षकाच्या नजरेने वाचत नाही. ती तशी वाचली पाहिजेत. प्रस्थापितांची भाषा तिथेही बोलत असते. 5 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेली 'स्टँड अप इंडिया' योजना घ्या. प्रत्येक बँक शाखेने अनुसूचित जाती-जमातींतील किमान एका व्यक्तीला आणि किमान एका स्त्रीला नव्या उद्योगासाठी 10 लाख ते 1 कोटी रुपये कर्ज द्यावे, हा तिचा आशय. आशयाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मी अडतो तो तारणाच्या कलमापाशी. कर्जाला जादा तारण घ्यावे 'किंवा' शासनाच्या पतहमी निधीची हमी. दोहोंपैकी काय, ते बँक ठरवील.

हा 'किंवा' मी नांदगाव पेठेत पाहिला. माझा पुतण्या तिथल्या एमआयडीसीत एका कपड्याच्या कारखान्यात सहा वर्षे शिलाई मशीनवर होता. वीस मशिनी घेऊन शाळांचे गणवेश शिवावेत, अशी त्याची उमेद. मी सोबत गेलो. साहेबांनी अर्ज चाळला, आडनावापाशी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सातबारा आणा." मी हमी निधीचा विषय काढला. "ते आम्ही ठरवतो," एवढेच उत्तर. बाहेर आल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, आपल्यापाशी सातबारा असता त मी ब्यांकेत कायले आलो असतो?" या योजनेची याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही.

राज्य शासनानेही यात भर घातली आहे: अनुसूचित जातीच्या उद्योजकाने 10 टक्के आणावेत, शासन 15 टक्के देईल, उरलेले 75 टक्के बँकेचे. पण शासनाचा वाटा बँकेच्या मंजुरीनंतरचा. म्हणजे पुन्हा तेच टेबल.

मराठीत 'पत' म्हणजे कर्ज मिळण्याची लायकी, आणि समाजातली प्रतिष्ठाही. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणूक-सल्ल्याचा व्यवसाय काढला होता; ते अस्पृश्य आहेत हे कळताच गिऱ्हाईक तुटले. ज्ञान कमी पडले नव्हते. (धंदा म्हटला की नाक मुरडणारे चळवळीतले आपले बरेच मित्र महिन्याच्या पगारावर जगतात, हेही इथे नोंदवून ठेवतो.)

20 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याहून नांदगाव पेठेच्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. पुतण्या तेव्हा दुसऱ्याच्याच मशीनवर होता. नकार आपल्या साहित्याचा मोठा शब्द. तो बँकेने निदान लेखी द्यावा, अशी विनंती आम्ही केली होती. मार्च 2025 मध्ये योजनेची मुदत संपली. लेखी काही आले नाही.