पाहुणा-कामगार : दोन कलाकृती, दोन दृष्टी

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे सांगितली जाते. पश्चिम जर्मनीत परदेशी श्रमिकांसाठी रूढ झालेल्या 'गास्टआर्बायटर', म्हणजे 'पाहुणा-कामगार', या शब्दातील पाहुण्याची जाण्याची तिथी मात्र आधीच ठरलेली असे. १९५५ मध्ये इटलीशी पहिला भरती-करार झाला. १९६० मध्ये स्पेन व ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया या देशांशी असेच करार झाले. श्रमिकाने मुदतीपुरते यावे, राबावे आणि परतावे, ही त्यांमागील कल्पना होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती थांबली, तोवर सुमारे १ कोटी ४० लाख माणसे आली होती. त्यांतील बहुसंख्य परतली. उरलेल्यांनी कुटुंबे आणली आणि पाहुण्याचा रहिवासी झाला. या स्थित्यंतराकडे पाहण्याच्या दोन भिन्न दृष्टी जॉन बर्जर यांचे 'अ सेव्हन्थ मॅन' (१९७५) हे पुस्तक आणि राइनर व्हेर्नर फासबिंडर यांचा 'आंग्स्ट एसन झेले आउफ' (१९७४) हा चित्रपट यांत आढळतात.

बर्जर यांच्या पुस्तकाचा नायक निनावी आहे. तो केवळ 'तो' आहे. त्या काळी जर्मनी व ब्रिटन येथे अंगमेहनत करणाऱ्या दर सात कामगारांत एक स्थलांतरित होता, हे शीर्षकातून सूचित होते. इस्तंबूल येथील वैद्यकीय तपासणीची जां मोर यांची छायाचित्रे या निनावीपणास मूर्त रूप देतात : उघड्या अंगावर क्रमांक लिहिलेली माणसे रांगेत उभी आहेत. श्रमाची खरेदी करताना माणूस वगळला जातो, हे इतक्या संयमाने क्वचितच दाखविले गेले असेल. तथापि प्रस्थान, काम आणि परतणे हा पुस्तकाचा आकृतिबंध परतीस गृहीत धरतो. भरतीचे धोरणही तेच गृहीत धरीत होते. त्यामुळे ज्या व्यवस्थेवर लेखक टीका करतो, तिचाच आराखडा त्याच्या रचनेत उतरतो. स्त्री-कामगारांचा अनुभव स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, असे सांगून लेखक तो बाजूस ठेवतो. हा प्रांजळपणा आदरणीय खरा. परंतु घर, मूल आणि शेजार यांचा प्रश्न त्याबरोबरच दुरावतो.

फासबिंडर नेमके तेथूनच आरंभ करतात. एमी ही सफाईकाम करणारी वृद्ध विधवा आणि अली हा मोरोक्कोचा तरुण यांत्रिक कारागीर विवाह करतात. नायकाचे खरे नाव लांबलचक आहे. सर्वजण त्याला 'अली' म्हणतात. चित्रपटाचे शीर्षकही त्याच्याच मोडक्या, व्याकरणदुष्ट जर्मनमधील आहे. आरंभी शेजारी, दुकानदार आणि एमीची मुले या दांपत्यास झिडकारतात. पुढे दुकानदारास गिऱ्हाईक हवे असते, शेजारणीस तळघरातील जागा हवी असते, मुलास आपले मूल सांभाळणारी आई हवी असते. आणि सारे एकाएकी सौम्य होतात. हा बदल मनाचा नसून गरजेचा आहे. त्याहून मर्मभेदक भाग पुढेच आहे. स्वीकार मिळताच एमी अलीस कुसकुस रांधून देण्याचे नाकारते आणि मैत्रिणींसमोर त्याच्या दंडाचे प्रदर्शन मांडते. ज्या नजरेने भरती-कचेरीत शरीर तपासले गेले, तीच नजर आता घरात शिरते. अखेरीस अली पोटातील व्रणाने कोसळतो. हा विकार परदेशी कामगारांत वारंवार आढळतो, असे डॉक्टर सांगतात.

दोन्ही कृतींची तुलना केवळ माध्यमभेदापुरती नाही. श्रमास मागणी का निर्माण होते, हे बर्जर अधिक स्पष्ट करतात. फासबिंडर यांच्यापाशी तसे आर्थिक विश्लेषण नाही. परंतु उपयुक्ततेवर आधारलेला स्वीकार हा समावेश नव्हे, हे त्यांना उमगले आहे. परदेशी आई-बापांच्या जर्मनीत जन्मलेल्या मुलांस काही अटींवर जन्मतःच नागरिकत्व देणारा कायदा २००० साली अमलात आला, म्हणजे पहिल्या करारानंतर ४५ वर्षांनी. कायद्याने तिथीचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. उपयोग संपल्यावरही माणसास त्याच्या नावाने हाक मारली जाईल काय, हा चित्रपटातील प्रश्न मात्र कोणत्याही कायद्याच्या कक्षेत मावणारा नाही. आणि म्हणूनच या दोहोंत चित्रपट अधिक दूरवर पाहतो, असे म्हणावे लागते.