पासंगाचा हिशेब

१७९८ च्या जून महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेन्री कॅव्हेंडिश यांचा एक निबंध वाचला गेला. विषय होता पृथ्वीची घनता. एवढा मोठा विषय, पण निबंध उघडतो तो एका दिवंगत स्नेह्याच्या नावाने. रेव्हरंड जॉन मिशेल यांनी ही युक्ती काढली, उपकरणही बांधलं. इतर व्यापांमुळे ते पुरं व्हायला उशीर झाला आणि एकही प्रयोग न करता ते गेले. उपकरण केंब्रिजच्या प्राध्यापक वोलास्टन यांच्याकडे आलं. त्यांच्याकडे हवी तशी सोय नव्हती, म्हणून त्यांनी ते कॅव्हेंडिशना दिलं. हे सारं काही ओळींत सांगून होतं. पुढे एक तळटीप येते : फ्रान्सच्या कूलोंब यांनी अशीच तारेच्या पिळाची युक्ती वापरली आहे, पण त्यांचा लेख प्रसिद्ध होण्याआधीच मिशेल यांनी ती मला सांगितली होती. ज्याला स्वतःची बाजू मांडता येणार नाही अशा माणसाचं देणं पहिल्याच पानावर फेडलेलं आहे. त्यानंतर मग पृथ्वी.

मी आयुष्यभर पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवलं. पाठ्यपुस्तकात हा प्रयोग एका परिच्छेदात संपतो : कॅव्हेंडिश यांनी गुरुत्वाचा स्थिरांक मोजला. मीही वर्षानुवर्षं तेच सांगत आलो. मूळ निबंध वाचला तेव्हा पन्नाशी उलटली होती, आणि वाचून मला माझ्याच शिकवण्याचं वाईट वाटलं. कारण ज्याला आपण ‘जी’ म्हणतो ते अक्षर त्या निबंधात कुठेही नाही. ते नंतरच्या शतकातलं. कॅव्हेंडिश यांना फक्त एवढंच हवं होतं : पृथ्वी सरासरीने पाण्याच्या किती पट जड आहे?

युक्ती सांगायला सोपी आहे. सहा फुटांची एक हलकी लाकडी दांडी तारेने आडवी टांगायची. दोन टोकांना शिशाचे दोन लहान गोळे, दोन इंच व्यासाचे. त्यांच्याजवळ शिशाचेच दोन मोठे गोळे आणायचे, एकेक आपल्या मापाने दीडशे किलोंच्या वर. मोठे गोळे लहानांना ओढतात, दांडी किंचित वळते, तार पिळते. तारेचा ताठपणा दांडीच्या झोक्याच्या काळावरून कळतो, आणि त्यावरून ओढ कळते. त्याच लहान गोळ्याला पृथ्वी किती ओढते हे तर त्याच्या वजनातच आहे. दोन ओढींचं गुणोत्तर काढलं की पृथ्वीची घनता हाती येते.

अडचण आकड्यात आहे, आणि कॅव्हेंडिश तो सुरुवातीलाच सांगून टाकतात. ही ओढ लहान गोळ्याच्या वजनाच्या पाच कोटीव्या भागाहून अधिक नाही. तांदळाच्या एका दाण्याचे हजारावर तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याच्या वजनाएवढी. निबंधात विशेषणं जवळपास नाहीत, पण या ठिकाणी ते एक विशेषण वापरतात : अतिशय सूक्ष्म. लगेच त्याचा परिणाम मांडतात, की मग तितकाच सूक्ष्म असा कोणताही दुसरा धक्का हा प्रयोग बिघडवू शकेल. सगळ्या निबंधाचं बी या एका विधानात आहे. इथून पुढची पन्नासेक पानं त्या दुसऱ्या धक्क्यांच्या शोधात जातात.

जुन्या किराणा दुकानातली तागडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना पासंग माहीत असेल. दोन्ही पारडी रिकामी असतानाही एक बाजू खाली झुकते. मग दुसऱ्या बाजूला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून काटा सम करतात. तो पासंग. तो नीट असेल तर शेरभर डाळ शेरभर भरते, आणि वाण्याच्या मनात खोट असेल तर सगळी लबाडी तिथेच बसते. माझी आजी डाळ मोजण्याआधी रिकाम्या पारड्यांकडे बघायची. कॅव्हेंडिश यांचा निबंध मला तसा वाटतो. हा माणूस आपल्याला आधी रिकामी पारडी दाखवतो.

सगळ्यांत पहिला धोका स्वतःच्या देहाचा. माणूस खोलीत आला की त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलणार, आणि हलती हवा पाच कोटीव्या भागाला केव्हाच गिळून टाकणार. म्हणून उपकरण महोगनीच्या पेटीत, पेटी बंद खोलीत, आणि माणूस खोलीबाहेर. भिंतीला भोकं, त्यांतून आत रोखलेल्या दुर्बिणी, बाहेरून सोडलेला दिव्याचा उजेड. दांडीच्या टोकांशी हस्तिदंताच्या पट्ट्या, इंचाचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या. मोठे गोळे फिरवायचे तेही बाहेरून, कप्पीवरच्या दोरीने. ते पेटीवर आदळू नयेत म्हणून भिंतीला लाकडी अडणे ठोकलेले. आणि गोळे त्या अडण्यांना जोरात धडकले तरी उपकरण हलत नाही हेही त्यांनी तपासून लिहिलं आहे. क्लॅपहॅमला राहणारा, साठी ओलांडलेला हा श्रीमंत, अबोल गृहस्थ अंधारात भिंतीबाहेर उभा राहून दुर्बिणीतून एका हलत्या खुणेकडे बघतो आहे, हे चित्र निबंध कुठेही रंगवत नाही. भोकाची जागा, दिव्याची जागा, दोरीची जागा एवढं वाचत गेलं की ते आपोआप उभं राहतं.

दांडी कधीच स्थिर होत नाही. ती सतत झुलते, पहिल्या तारेवर एक झोका पंधराएक मिनिटांचा. मग ती कुठे थांबली असती हे कसं ठरवायचं? कॅव्हेंडिश थांबण्याची वाट बघत नाहीत. लागोपाठची तीन टोकं टिपतात, पहिल्या आणि तिसऱ्याची सरासरी काढतात, तिची दुसऱ्याशी पुन्हा सरासरी. झोका हळूहळू लहान होत जातो, त्याचा दोष अशाने निघून जातो. आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलांना मी हा भाग वाचून दाखवत असे. दहा मिनिटांत तीन ‘रीडिंग’ घेऊन बाकीची सात वहीत ‘शिजवणारी’ मुलं ऐकताना गप्प व्हायची.

ही पहिली तार मुळात नीट नव्हती. ती हवी तितकी ताठ नसल्याने गोळे पेटीच्या भिंतीकडे फार ओढले जात. दुसऱ्या कुणी तार बदलली असती आणि निबंध दुसऱ्या तारेपासून सुरू केला असता. कॅव्हेंडिश लिहितात की बदलण्याआधी हिच्यावर काही प्रयोग करावेत असं मी ठरवलं. ते आकडेही तक्त्यात आहेत.

आता निबंधाचा सर्वांत सुंदर भाग. मोठे गोळे जवळ आणले की दांडी वळते, हे ठीक. पण गोळे तसेच ठेवले तरी तिची विश्रांतीची जागा तासातासाने सरकत राहते. ओढ तर वाढत नाही. मग हे काय? इथे कॅव्हेंडिश प्रश्न सोडत नाहीत आणि वाचकालाही सोडू देत नाहीत. पहिला संशय चुंबकत्वावर. मोठे गोळे लोखंडी दांड्यांना टांगलेले होते. त्या काढून तांब्याच्या बसवल्या. तरीही सरकणं आहेच. मग गोळ्यांनीच थोडं चुंबकत्व धरलं असेल का? ते उलटे फिरवता येतील अशी सोय केली, फिरवून पाहिले. फरक नाही. मग शिशाचे गोळेच काढून टाकले आणि त्यांच्या जागी खरोखरीची चुंबकं ठेवली. काही नाही. चुंबकत्व सुटलं.

दुसरा संशय तारेवर. पीळ बराच वेळ राहिला तर तार त्याला सवकत असेल, सरावत असेल. मग तार मुद्दाम पिळून तासन्‌तास तशी ठेवली. इथेही हवं तेवढं उत्तर मिळत नाही.

राहिली उष्णता. संध्याकाळी खोली थंड होते, पण दीडशे किलो शिसं लवकर थंड होत नाही. तो गोळा आसपासच्या हवेहून किंचित उबदार राहतो, पेटीच्या त्या बाजूला ऊब लागते, आतली हवा तिथे वर चढते, दुसऱ्या बाजूला खाली उतरते, आणि तो मंद प्रवाह लहान गोळ्याला ढकलतो. हे सुचणं ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे ते वाढवून बघणं : गोळ्यांखाली दिवे लावले, गोळे तापवले, आणि सरकणं ठळकपणे वाढलं. संशयित सापडला. मी हा भाग प्रत्येक वेळी रहस्यकथेसारखा वाचतो, आणि शेवट माहीत असूनही दिव्यांपाशी आलो की सरसावून बसतो. एखादा दोष टाळता येत नसेल तर तो आधी फुगवून त्याचा चेहरा बघायचा, ही प्रयोगाची किती मोठी रीत आहे! लहान दोष लपतो, मोठा केला की बोलतो.

ही रीत भौतिकशास्त्रापुरती राहिली नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना पाहणी केली तेव्हा एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवण्याची पद्धत बसवली. दोघांच्या आकड्यांतला फरक म्हणजे पाहणीचा पासंग, आणि तो त्यांनी लपवला नाही. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला, तोही यंत्राला पुन्हा पुन्हा माहीत असलेला वायू देऊन आणि ज्वालामुखीच्या भेगांतून आलेली हवा बाजूला काढून. झाडं वर्षातून एकदा श्वास घेतात आणि सोडतात हे त्या वक्र रेषेत दिसलं ते या तपासणीमुळे. अर्थशास्त्रात काय, निसर्गाच्या अभ्यासात काय, पासंग न दाखवता दिलेला आकडा म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

कॅव्हेंडिश यांच्या तक्त्यात एकोणतीस निष्कर्ष आहेत. त्यांची सरासरी ते ५.४८ देतात : पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट दाट. आजचा स्वीकारलेला आकडा ५.५१ आहे. न्यूटन यांनी केवळ तर्काने पाच ते सहाच्या मध्ये म्हटलं होतं. आता गंमत नव्हे, मला आदर वाटतो अशी एक गोष्ट : ही सरासरी चुकलेली आहे. तक्त्यातले आकडे जसे छापले आहेत तसे मिळवले तर उत्तर ५.४५ च्या जवळ येतं. १८४० च्या दशकात फ्रान्सिस बेली यांनी हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा त्यांच्या हे लक्षात आलं. इतक्या काटेकोर माणसाच्या हातून साधी बेरीज निसटली. पण ती सापडली कशामुळे? त्यांनी एकूण एक आकडा छापला होता म्हणून, पहिल्या नादुरुस्त तारेचासुद्धा. फक्त उत्तर छापलं असतं तर ती चूक जन्मभर उत्तरातच दडली असती.

शेवटाकडे येऊ. निबंधाच्या चोवीस वर्षं आधी, १७७४ साली, नेव्हिल मॅस्केलाइन यांनी स्कॉटलंडच्या शिहॅलिअन डोंगराजवळ ओळंबा किती कलतो ते मोजलं होतं. त्यावरून घनता साडेचार येत होती. दोन उत्तरांत बरंच अंतर. हातात एवढे आकडे, एवढी काळजी; आपलं खरं म्हणायला कॅव्हेंडिश मोकळे होते. ते म्हणतात, फरक माझ्या अपेक्षेहून जास्त आहे. पण कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवावा याची चर्चा मी आता करणार नाही, कारण मोजता न येणाऱ्या अनियमितपणाने माझंच उत्तर कितपत बिघडलं आहे ते अजून नीट तपासलेलं नाही. निबंध इथे थांबला असता तरी तो थोर ठरला असता.

पण तो थांबत नाही. त्यापुढे एक पुरवणी आहे, आणि तिचा विषय महोगनीची पेटी आहे. पेटीही वस्तुमानच, तीही लहान गोळ्यांना ओढणार. मग पेटीच्या फळ्यांची ओढ किती, याचा हिशेब पुढची काही पानं चालतो. निष्पन्न एवढंच, की ती ओढ दुर्लक्ष करण्याइतकी लहान आहे. दुर्लक्ष करता येईल हे सांगण्यासाठी केलेला एवढा हिशेब मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

गुरुत्वाचा स्थिरांक आजही आपल्याला चार-पाच अंकांपलीकडे खात्रीने माहीत नाही, आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांची उत्तरं अजून एकमेकांशी पुरती जुळत नाहीत. विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगवही हाती देण्याआधी कॅव्हेंडिश यांचा हा निबंध वाचायला द्यावा, मराठीत उतरवून द्यावा, असं माझं सर्व शिक्षकांना सांगणं आहे. पाऊणशेच्या आतली पानं आहेत. गणित फारसं नाही. दिव्यांचा भाग वर्गात मोठ्याने वाचा.